अडीच हजार भिंगं आणि एक धार: थ्रीडी प्रिंटिंग सेवेचा अनुभव

शोभेची वस्तू किंवा मोडक्या यंत्राचा एखादा सुटा भाग छापून घ्यायचा असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही. माझी मागणीच विचित्र होती. दोन्ही बाजूंनी फुगीर अशा भिंगाच्या आकाराचे अडीच हजार भरीव तुकडे मला हवे होते. त्यांतून आरपार दिसायची गरज नव्हती, ते कशात बसवायचेही नव्हते. ऑर्डरच्या फॉर्मवर 'वस्तूचा उपयोग' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी लिहिलं, 'गर्दी करणे'. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, इथे टायपिंगची चूक झालीय का?"

चूक नव्हती. मी सांख्यिकीय भौतिकशास्त्र शिकवते आणि माझा संगणक रात्र रात्र असल्याच कणांची गर्दी ढवळत असतो. एक कण निवडायचा, त्याला किंचित सरकवायचं किंवा वळवायचं, तो शेजाऱ्यात घुसला तर हालचाल रद्द, नाही घुसला तर मान्य. मॉन्टे कार्लो म्हणजे एवढंच, अब्जावधी वेळा. या कणांमध्ये आकर्षण नाही, चिकटपणा नाही, विद्युतभार नाही. एकमेकांत घुसायचं नाही हा एकच नियम. आम्ही त्यांना 'हार्ड' कण म्हणतो. पण पडद्यावरचा कण हातात घेता येत नाही, आणि पहिल्या तासाला मुलांच्या हातात काहीतरी ठेवलं की पुढचे दहा तास सोपे जातात, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा खटाटोप.

आकार सांगायला सोपा. सारख्याच मापाचे दोन गोल एकमेकांत थोडे घुसवा. दोघांचा जो सामाईक भाग तो आपला कण. व्यास सगळ्यांचा १२ मिलिमीटर आणि जाडी तीन प्रकारची: २ मिमीचे एक हजार, ४ मिमीचे एक हजार आणि ८ मिमीचे पाचशे. म्हणजे जाडी आणि व्यास यांचं गुणोत्तर अनुक्रमे १/६, १/३ आणि २/३. मूळ गोलांच्या त्रिज्या काढायला बसले तर १८.५, १० आणि ६.५ मिमी अशा आल्या, आणि तिन्हींच्या पोटात पूर्णांकी काटकोन त्रिकोण निघाले: १२-३५-३७ (निमपटीने), ३-४-५ (दुपटीने) आणि ५-१२-१३ (निमपटीने). मी हे ठरवून केलं नव्हतं. त्या रात्री उगाचच खूश होऊन झोपले.

वेळेच्या बाबतीत तक्रार नाही. सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी खोकं आलं. तिन्ही संच वेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर जाडी लिहिलेली, आणि मोजले तेव्हा प्रत्येकात आठ-दहा तुकडे जास्तच निघाले. छपाई रेझिनची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाची) होती, थर ०.०५ मिमीचे. तार वितळवून थर घालणाऱ्या छपाईत वक्र पृष्ठभागावर पायऱ्या स्पष्ट दिसतात. यात नखाला लागतील न लागतील इतक्याच होत्या. छपाईच्या वेळी तुकड्याला आधार देणाऱ्या काड्या तोडल्या की बारीक पुटकुळ्या उरतात, त्याही बहुतेक घासून काढल्या होत्या. व्हर्नियरने प्रत्येक संचातले पन्नास-पन्नास तुकडे मोजले. जाडी छान जमली होती.

व्यास मात्र जमला नव्हता, आणि ज्या पद्धतीने जमला नव्हता ती पाहण्यासारखी होती. जाडे तुकडे ११.९ च्या वर, म्हणजे जवळजवळ बरोबर. मधले ११.६ च्या आसपास. पातळ मात्र १०.६! दीड मिलिमीटर गेला कुठे? मी आधी रेझिन आकसण्यावर खापर फोडलं. पण रेझिन आकसलं तर सगळीकडून आकसेल, फक्त पातळ्यांच्या व्यासावर त्याचा एवढा राग कशाला? भिंगाखाली कड पाहिली तेव्हा उलगडा झाला. कड गोल केलेली होती. फोन केला तर पलीकडून अगदी सौजन्याने सांगण्यात आलं की धारदार कड बोटाला टोचते, छपाईत तुटते, म्हणून ते 'नेहमीच' ०.३ मिमी त्रिज्येची गोलाई देतात. फाइलमध्ये तसा बदल त्यांनी केला, मला विचारलं नाही.

कागद घेऊन बसले. जाड्या भिंगाच्या कडेला दोन पृष्ठभाग सुमारे १३५ अंशांत भेटतात, मधल्याच्या ७४ अंशांत, पातळाच्या जेमतेम ३८ अंशांत. बोथट कोपरा गोल केला तर फारसं काही जात नाही. सुरीसारखी धार गोल करायची तर पार मागे सरकावं लागतं. हिशेब केला: ०.३ मिमी गोलाईने व्यास ११.९५, ११.५७ आणि १०.६. तंतोतंत. तुमच्या चुकीचं गणित इतकं सुंदर जुळतंय हे त्या माणसाला सांगायचा मोह झाला, पण तक्रार करायला फोन केला होता हे वेळीच आठवलं.

आता कुणी म्हणेल, कडेचं एवढं काय? माझ्यासाठी सगळं कडेचंच आहे.

कण फक्त एकमेकांत घुसत नाहीत एवढ्या भांडवलावर द्रवाचा स्फटिक होतो, हे मुळात पचायला जड. १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर 'हार्ड' गोलांचा गोठण्याचा बिंदू दाखवला तेव्हा आकर्षणाशिवाय गोठणं शक्य आहे का यावर जाणकारांत सरळ दोन तट होते. आज आपण आकडेही सांगतो: गोलांनी ४९.४ टक्के जागा व्यापली की द्रव गोठायला लागतो आणि ५४.५ टक्क्यांपाशी स्फटिक पूर्ण होतो. यात ऊर्जेची वजाबाकी नाही, नुसती एन्ट्रॉपी, म्हणजे कण किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात त्याचं माप. रांगेत बसल्याने प्रत्येकाला हालायला जास्त मोकळीक मिळते म्हणून ते रांगेत बसतात. गर्दीच्या वेळी लोक रांग लावतात ते सद्गुणाने नव्हे, तसंच काहीसं.

गोलाऐवजी चपटा कण घेतला की गंमत वाढते. दोन पातळ चकत्या एकमेकींना आडव्या असल्या तर एकमेकींची पुष्कळ जागा अडवतात, समांतर असल्या तर कमी. तेव्हा घनता वाढली की दिशेचं स्वातंत्र्य सोडून जागेचं स्वातंत्र्य मिळवणं फायद्याचं ठरतं: सगळ्यांची तोंडं एका दिशेला, पण जागा मात्र द्रवासारख्या अस्ताव्यस्त. ही निमॅटिक प्रावस्था. लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये हा सौदा सिद्धांतात मांडला. उलट, कण जवळजवळ गोल असेल तर तो आधी जागा पक्की करतो आणि तोंड हवं तिकडे फिरवत राहतो. त्याला प्लास्टिक स्फटिक म्हणतात. फ्रेंकेल आणि मल्डर यांनी १९८५ मध्ये लंबगोलांचा असा संपूर्ण नकाशा काढला: कोणत्या आकाराला, किती घनतेला कोणती अवस्था.

मग भिंग आणि चपटा लंबगोल यांत फरक काय? जॉर्जो चिनाकी आणि साल्वातोरे टॉर्क्वाटो यांनी २०१५ मध्ये भिंगांचा असाच नकाशा तयार केला. कमी आणि मध्यम घनतेला दोघांचं वागणं ढोबळमानाने सारखंच: अस्ताव्यस्त द्रव, पातळ असतील तर निमॅटिक, गुबगुबीत असतील तर प्लास्टिक स्फटिक. फाटा फुटतो तो खच्चून भरल्यावर, स्फटिकात. तिथे लंबगोलांची आणि भिंगांची आजवर माहीत असलेली सर्वांत दाट रचना वेगवेगळी निघते. भिंगांच्या तर दोन निघतात, आणि दोन्ही सारख्याच दाट. त्याहून मजा म्हणजे या दोन रचनांचे पापुद्रे एकावर एक कोणत्याही क्रमाने रचा, नियमाने किंवा लहर लागेल तसे, घनतेत काडीचा फरक पडत नाही. म्हणजे सर्वांत दाट रचना एक नाही, अगणित आहेत. निसर्गाला इतके समान पर्याय दिले की त्याचाही निर्णय लांबत असावा. म्हणूनच असे कलिल कण (द्रवात पसरलेले अतिसूक्ष्म कण) स्फटिक होण्याऐवजी काचेसारखे अडकून पडायला गोलांपेक्षा जास्त लायक असतील, असा त्या दोघांचा अंदाज आहे.

लंबगोलाला कड नसते, भिंगाला असते. सारख्याच व्यासाचा आणि जाडीचा लंबगोल घेतला तर माझ्या मधल्या भिंगाचं आकारमान त्याच्या ७८ टक्केच भरतं. उरलेलं सगळं कडेजवळ निमुळतं होत गेलेलं. ती कड गोल करून द्यायची म्हणजे ज्या फरकासाठी मी पैसे मोजले तोच घासून टाकायचा. फोनवरच्या माणसाला मी हे एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पातळ संच पुन्हा छापून देतो, मॅडम." मोबदला न घेता दिलाही. यासाठी पूर्ण गुण.

नवा पातळ संच धारदार आला. बरणीत ओतला, हलवला आणि आठवड्याभरात शंभरेक तुकड्यांच्या कडेचे टवके उडाले. म्हणजे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. रेझिन ठिसूळ असतं, ३८ अंशांची धार त्यात टिकत नाही. आता माझ्याकडे एक बोथट पातळ संच आहे आणि एक दातरी पातळ संच.

प्रत्यक्ष वापराचं बघू. सर्वांत समाधान मधल्या संचाने दिलं. एक हजार तुकड्यांचं स्वतःचं आकारमान हिशेबाने २३५ मिलिलिटर. पाण्यात बुडवून २३३ भरलं, गोलाईचा वाटा धरता ठीकच. बरणीत नुसते ओतले तर ३८५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आले, म्हणजे सुमारे ०.६० जागा भरलेली. टेबलावर दहा मिनिटं ठोकत बसले (शेजारच्या खोलीतून दोनदा विचारणा झाली) तर ३४५ वर उतरले, ०.६७ च्या पुढे. सारखे गोल कसेही ओतून हलवले तर ०.६४ च्या आसपास अडतात हे मुलांना आधी दाखवलेलं होतं. चपट्या कणांनी अस्ताव्यस्त राहूनही गोलांना मागे टाकावं, हे २००४ मध्ये साखरेच्या वेष्टनातल्या चॉकलेटच्या गोळ्यांवर मोजून दाखवलं गेलं. तिथे आकडा ०.६८ ते ०.७१ होता. कारणही हातात धरून सांगता येतं: गोल नुसता फिरवून जागा सुटत नाही, चपटा कण वळवला की फट बुजते, त्यामुळे त्याला पक्कं अडकवायला जास्त शेजारी लागतात. माझ्या आकड्याला मात्र शोध समजू नका. बरणी ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सात भिंगंही मावत नाहीत. भिंतीलगत सगळेच शहाण्यासारखे टेकून बसतात.

एक उपयुक्त सूचना: फटींत पाणी ओतून मोकळी जागा मोजणार असाल तर पाण्यात साबणाचा एक थेंब घाला. नाहीतर दोन भिंगांच्या मध्ये अडकलेला बुडबुडा बाहेर पडत नाही.

पातळ संचाने मला वर्गात जवळजवळ फसवलं. बरणी हलवली आणि पाच मिनिटांत तुकडे एकावर एक आडवे पडत गेले, सगळ्यांची तोंडं वर. मागच्या बाकावरून आवाज आला, "निमॅटिक झालं!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी झाकण घट्ट केलं, बरणी कुशीवर आडवी केली आणि पुन्हा हलवली. भिंगांची तोंडं पुन्हा वर, आता बरणीच्या अक्षाला काटकोनात. म्हणजे दिशा ठरवली ती गर्दीने नव्हे, गुरुत्वाकर्षणाने. टाळ्या परत घेतल्या गेल्या. त्यानंतरचा अर्धा तास माझ्या शिकवण्याच्या कारकिर्दीतला उत्तम अर्धा तास होता, कारण प्रश्न त्यांचा होता: मग खरं निमॅटिक कसं दिसणार?

फळ्यावर हिशेब केला. मधला एक तुकडा पाव ग्रॅमहून थोडा जास्त. त्याला स्वतःच्या व्यासाइतकं वर उचलायला सुमारे ३ × १०⁻⁵ जूल लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा एक धक्का ४ × १०⁻²¹ जूलचा. भागाकार १०¹⁵ च्या वर, म्हणजे उष्णतेच्या धक्क्यांनी हा तुकडा हलायची वाट पाहण्यात अर्थ नाही. कण मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असावा लागतो, तेव्हा कुठे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्याने तो सतत ढवळत राहतो. गिब्साइट या खनिजाच्या चकत्यांवर लेकरकर्कर आणि व्हान डर कोइज यांनी १९९८ मध्ये खरंखुरं निमॅटिक पाहिलं, त्या चकत्या डोळ्याला दिसत नाहीत. हाताने बरणी हलवणं म्हणजे तापमान नव्हे, हे वाक्य मी इतकी वर्षं नुसतं बोलत होते. या खोक्याने ते मला दाखवता आलं.

एका विद्यार्थिनीने पुढची युक्ती काढली: ग्लिसरीन आणि पाण्याचं मिश्रण करून त्याची घनता रेझिनइतकी आणायची, म्हणजे भिंगं तरंगणारही नाहीत आणि बुडणारही नाहीत. पूर्ण दुपार गेली. शेवटी मधली भिंगं द्रावणात अधांतरी थांबली, प्रत्येक वेगळ्या कलाने, आणि अक्षरशः तशीच थांबून राहिली. गुरुत्वाकर्षण गेलं, पण ढवळणारं कुणी नाही. ते दृश्य फार देखणं होतं. दुसऱ्या दिवशी खोलीचं तापमान बदललं आणि सगळी तळाशी गेली.

पापुद्रे रचायचा प्रयत्न मीच केला, एकटीने, दार लावून. ताटात मधल्या संचाचा एक थर, त्यावर दुसरा. बोथट कडेमुळे तिसऱ्या थराला सगळं घसरतं. मूळ धार असती तर टिकलं असतं का, हे खरं सांगायचं तर सांगता येणार नाही, कारण या पृष्ठभागावर घर्षण आहे आणि माझ्या संगणकातल्या कणांना ते नाही. संगणकात दोन भिंगं एकमेकांत घुसली का हे तपासायला चार गोलांना सामाईक बिंदू आहे का एवढंच पाहावं लागतं. तिथे धार कधी बोथट होत नाही, टवका उडत नाही. त्या दृष्टीने छापील भिंग हे गणितातल्या भिंगाचं जरा दमलेलं भावंड म्हणायला हवं.

जाड्या संचाबद्दल लिहिण्यासारखं कमी. व्यवस्थित छापलाय, मुलांना हातात धरायला आवडतो, बाकी तो मध्येच लोंबकळतो. प्लास्टिक स्फटिकाची गोष्ट सांगायला याहून गुबगुबीत, गोलाच्या अगदी जवळ जाणारं भिंग हवं होतं. ही चूक माझी, सेवेची नाही.

तुम्ही मागवणार असाल तर: जाडी व्यासाच्या एक तृतीयांश ठेवा, याहून पातळ रेझिनमध्ये नको. तुकडे हजारापेक्षा कमी घेऊ नका, आणि बरणी निदान पंधरा भिंगं रुंद असू द्या, म्हणजे तुकडे आणखी लागतील, हे ओघाने आलं. थर आडवे न छापता तुकडा कलता ठेवून छापायला सांगा. माझ्या जाड्या संचातले काही तसे होते आणि ते जास्त गुळगुळीत निघाले. आणि फाइल पाठवल्यावर छपाईआधी त्यांनी बदललेली फाइल परत मागून घ्या, उघडून पाहा, कडेवर जाऊन पाहा.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला न विचारता कड घासल्याबद्दल, एक ठिसूळपणाबद्दल. दुसरी ऑर्डर त्याच ठिकाणी दिली आहे: मधल्या जाडीचे आणखी दोन हजार, यावेळी जरा चिवट रेझिनमध्ये. 'वस्तूचा उपयोग' या रकान्यात पुन्हा 'गर्दी करणे' लिहिलं; फोन आला नाही. 'विशेष सूचना' या रकान्यात तीनच शब्द: धार तशीच ठेवा.